ट्विच आणि डिस्कॉर्ड कसे जोडायचे?

प्रश्न : मी ट्विचवर बुद्धिबळाचे डाव लाइव्ह दाखवतो. प्रेक्षकांसाठी डिस्कॉर्डवर सर्व्हरही काढला आहे. दोन्ही जोडले, पण सबस्क्रायबरना वेगळा रोल मिळत नाही. काय राहिले असेल?

उत्तर : इथे जोडणी दोन पायऱ्यांत होते. पहिली तुमच्या खात्याची : डिस्कॉर्डच्या युजर सेटिंग्जमध्ये ‘कनेक्शन्स’ उघडा, ट्विच निवडा आणि परवानगी द्या. तुम्ही बहुधा इथेच थांबला आहात. एवढ्याने ट्विचचे नाव तुमच्या प्रोफाइलवर दिसते. सर्व्हरमध्ये काहीच बदलत नाही.

दुसरी पायरी सर्व्हरची. सर्व्हर सेटिंग्जमधल्या ‘इंटिग्रेशन्स’मध्ये जाऊन ट्विच सुरू करा. हे संगणकावरून करणे सोयीचे. मात्र त्यासाठी तुम्ही ट्विचचे अ‍ॅफिलिएट किंवा पार्टनर असायला हवे आणि सर्व्हरही तुमच्याच मालकीचा हवा.

यानंतरही रोल मिळाला नाही, तर सबस्क्रायबरने स्वतःचे ट्विच खाते स्वतःच्या डिस्कॉर्डला जोडले आहे का, ते विचारा. बहुतेक वेळा अडते ते इथेच. ही सूचना सर्व्हरवर ठळकपणे लावून ठेवा. सबस्क्रिप्शन संपल्यावर रोल काढायचा की सदस्यालाच, आणि किती दिवसांची सवलत द्यायची, हेही ‘इंटिग्रेशन्स’मध्येच ठरवता येते. रोल काढण्याचाच पर्याय निवडा. पैसे संपले म्हणून माणूस गटाबाहेर जाऊ नये.

शेवटी, लाइव्ह असताना डिस्कॉर्डचा ‘स्ट्रीमर मोड’ सुरू ठेवा. त्याने तुमचा ईमेल आणि सर्व्हरच्या आमंत्रण-लिंका पडद्यावर उघड होत नाहीत.