सर्व्हरचं बिऱ्हाड हलवणारे

मे महिन्यात कराडहून एक गृहस्थ मुलीला घेऊन भेटायला आले. मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झालेली. गृहस्थांनी पिशवीतून एक गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक काढून टेबलावर ठेवलं. निळं आभाळ, त्यात पांढरा ढग, खाली 'सहा महिन्यांत क्लाउड इंजिनिअर व्हा' आणि फी एक लाख पस्तीस हजार. अगदी तळाशी बारीक अक्षरात 'शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य'. 'साहाय्य' या शब्दावर मी बोट ठेवलं, तर ते हसले. "वाचलंय सर मी. पण शेजारच्यांच्या मुलाने केलाय. भरू का पैसे?"

मी मुलीकडे वळलो. क्लाउड म्हणजे काय गं?

"दुसऱ्याचा कॉम्प्युटर, भाड्याने घेतलेला."

उत्तर चोख होतं. मग आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये आज जे चालू आहे, ते त्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर जातं कसं? यावर ती गप्प बसली. माहितीपत्रकातही त्याचं उत्तर नव्हतं, आणि नोकऱ्यांचा एक मोठा गठ्ठा नेमका तिथेच आहे. त्या कामाचं नाव क्लाउड मायग्रेशन.

बँका, साखर कारखाने, रुग्णालयं, विमा कंपन्या यांचे सर्व्हर वर्षानुवर्षं त्यांच्याच इमारतीत, एसी लावलेल्या खोलीत गुरगुरत होते. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये आपल्या क्लाउडचं एक केंद्र पुण्यात सुरू केलं, अमेझॉनने २०१६मध्ये मुंबईत, गूगलने २०१७मध्ये मुंबईतच. डेटा देशाबाहेर जाईल ही धास्ती त्यामुळे कमी झाली. २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच साठवायचा असा आदेश काढला, तोवर जागा तयार होती. मग नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉम या कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली. एका यंत्रात दहा-वीस आभासी यंत्रं चालवण्यासाठी जगभरच्या कंपन्या व्हीएमवेअरचंच सॉफ्टवेअर वापरत आल्या आहेत. पुढच्याच महिन्यात ब्रॉडकॉमने कायमस्वरूपी परवाने विकणं बंद करून वर्गणीची पद्धत आणली. घरमालक बदलला, भाड्याचा करार बदलला, की भाडेकरू दुसरी जागा बघू लागतात. आज कित्येक कंपन्या तेच करताहेत.

जागा बदलणं म्हणजे फाइल कॉपी करणं नव्हे. मुलीला मी तिथेच एक गणित घातलं. दोन टेराबाइटची डिस्क आहे आणि इंटरनेटची लाइन १०० एमबीपीएसची. कॉपी व्हायला किती वेळ लागेल? बाइटचे बिट करायला आठने गुणायचं, हे तिला आठवलं. उत्तर आलं सुमारे ४४ तास, तेही लाइन पूर्ण वेगाने चालली तर. दोन दिवस बँक बंद ठेवता येत नाही. म्हणून यंत्र चालू असतानाच त्याची प्रत काढतात, आणि दरम्यान डिस्कचा जेवढा भाग बदलला तेवढाच पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. शेवटी शनिवारी मध्यरात्री जुनं यंत्र बंद करायचं, उरलेसुरले बदल पाठवायचे आणि नवं यंत्र सुरू करायचं. याला कटओव्हर म्हणतात. नव्या जागेत सामान पोचलं तरी गॅसचा रेग्युलेटर जुळत नाही, तसा प्रकार इथेही होतो. व्हीएमवेअरवरचं यंत्र उचलून दुसरीकडे ठेवलं, तर त्याला तिथली डिस्क आणि नेटवर्क कार्ड ओळखताच येत नाही, कारण ड्रायव्हर वेगळे लागतात. ते आतल्या आत बदलून द्यावे लागतात.

हे सगळं करणारी सॉफ्टवेअर आहेत. रोमेनियातल्या क्लाउडबेस सोल्यूशन्स या कंपनीचं कोरिओलिस हे त्यातलं एक. (भूगोलात मोसमी वारे वळवणारं कोरिओलिस बल शिकलात ना, नाव तेच.) मुख्य सोर्स कोड खुला असल्याने विद्यार्थ्याला ते आतून बघता येतं, म्हणून मी ते निवडतो. त्याचे दोन भाग आहेत. खरी हमाली करणारा भाग पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि तो मागे चालतो. पुढे असतो तो वेब कन्सोल. कुठून न्यायचं, कुठे ठेवायचं, कोणतं नेटवर्क कशाला जोडायचं, काम किती टक्के झालं, हे इंजिनिअर त्यात ब्राउझरमधून बघतो. कन्सोल रिअॅक्ट आणि टाइपस्क्रिप्टमध्ये आहे आणि नोडच्या सर्व्हरवरून ब्राउझरला पुरवला जातो.

मी गृहस्थांना म्हटलं, पैसे एक महिना खिशातच राहू द्या. मुलीला म्हटलं, घरच्या लॅपटॉपवर हा कन्सोल उभा कर. अख्खा प्लॅटफॉर्म नको, तो पेलवणार नाही. फक्त कन्सोल, आणि त्यामागे लॉगिन तपासणारं कीस्टोन. कीस्टोन हा ओपनस्टॅकचा भाग. डेव्हस्टॅक नावाच्या शिकाऊ मांडणीतून ते फुकट उभं करता येतं. एक वही घाल. जे अडेल ते तारीख टाकून लिही: काय दिसलं, मला काय वाटलं, खरं कारण काय निघालं.

त्या वहीतली पानं इथे थोडी उलगडतो. लॅपटॉपची मेमरी १६ जीबी. त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाकून तिने उबुंटू लिनक्सचं एक आभासी यंत्र बनवलं आणि काटकसरीच्या सवयीने त्याला २ जीबी दिली. कोड उतरवला, नोड आणि यार्न बसवलं, बिल्डची आज्ञा दिली. चार मिनिटांनी स्क्रीनवर एकच शब्द उमटला, 'किल्ड'. ना एररचा नंबर, ना ओळ. तिला वाटलं, कोडच बिघडलेला आहे. दोनदा पुसून पुन्हा उतरवला. तिसऱ्या दिवशी लिनक्सच्या कर्नलचा लॉग वाचला, तेव्हा कळलं की मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच बिल्डचा गळा दाबला होता. यंत्राला ८ जीबी दिल्यावर बिल्ड निमूटपणे पार पडली.

कन्सोल ३००० नंबरच्या पोर्टवर सुरू झाला, पण विंडोजच्या ब्राउझरमध्ये पान उघडेना. व्हर्च्युअलबॉक्स सुरुवातीला आतल्या यंत्राला एका आडोशामागे ठेवतो. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. नेटवर्कची जोडणी 'ब्रिज्ड' केली, तसं त्या यंत्राला घरच्या राउटरकडून स्वतःचा पत्ता मिळाला आणि लॉगिनचं पान झळकलं. घरात पेढे वाटायचेच बाकी होते, असं वडील नंतर म्हणाले.

खरा धडा त्यापुढचा. नाव-पासवर्ड टाकला की लॉगिन फसायचं. पासवर्ड बरोबर होता. आभासी यंत्रात शिरून कर्ल या आज्ञेने कीस्टोनला हाक मारली की ते लगेच उत्तर द्यायचं. म्हणजे सेवा चालू आहे, पासवर्ड बरोबर आहे, आणि तरी दार उघडत नाही. आठवडाभर ती इथेच अडकून होती. मग मला फोन आला. मी एवढंच विचारलं, एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब बघितलास का? विनंती कुठल्या पत्त्यावर जातेय?

ती जात होती १२७.०.०.१ वर. सर्व्हर कुठे आहे ते सांगणारं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कन्सोलला द्यावं लागतं, त्यात तिने हाच पत्ता लिहिला होता. लिनक्सच्या आत बसून विचार केला तर बरोबरच होतं, सगळं तिथेच तर चाललंय. पण वेब कन्सोल सर्व्हरवरून फक्त वाढला जातो, चालतो तो बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये. आणि १२७.०.०.१ म्हणजे 'मी स्वतः'. विंडोजवरचा ब्राउझर इमानदारीने विंडोजलाच विचारत होता, तुझ्याकडे कीस्टोन आहे का? 'मी' कोण, हे बोलणाऱ्यावर ठरतं. आठवीच्या व्याकरणातलं सर्वनाम तिला कराडच्या घरात नेटवर्क टॅबमध्ये भेटलं. दहा वर्षं काम केलेल्या माणसांना मी या खड्ड्यात पडताना पाहिलंय, स्वतःसकट.

पत्ता बदलला, तर ब्राउझरने लाल अक्षरात दुसरीच तक्रार मांडली: पान एका पोर्टवरून आलेलं, विनंती दुसऱ्या पोर्टकडे चाललेली, परवानगी नाही. मग दोघांच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवून एकाच पत्त्यावरून दोन्हीकडे वाटा काढून दिल्या. त्या रात्री कीस्टोनने टोकन दिलं. आतल्या पानावर अर्थातच सगळं रिकामं आणि लाल, कारण मागची हमाली करणारी यंत्रणा आमच्याकडे नव्हतीच. तिथे आम्ही थांबलो.

एका महिन्यात तिला नोकरी लागली नाही, लागणारही नव्हती, तिचं एक वर्ष बाकी आहे. पण मेमरी, नेटवर्क, ब्राउझर, लॉगिन ही चार प्रकरणं तिची पाठ न करता झाली. शिवाय आपल्याला काय आवडतं त्याचाही सुगावा लागला. ती म्हणते, पानाचे रंग-बटणं बघायला कंटाळा येतो, लॉग वाचायला मजा येते. म्हणजे तिचा रस्ता सिस्टिम, नेटवर्क, डेव्हऑप्सकडे जातो. हाच प्रयोग केलेला एक मुलगा कन्सोलचा रिअॅक्टचा कोड उलगडत बसला आणि मागे काय चालतं हे त्याने विचारलंसुद्धा नाही. त्याने फ्रंटएंडला जावं. 'क्लाउड की एआय की सायबर' असं पालक विचारतात, तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं की मुलाला आधी एक महिना कशात तरी अडकू द्या.

आता पदव्यांचं. डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. परिस्थिती असेल तर घ्यावा, कारण मोठ्या कंपन्यांची चाळणी अजून पदवीवरच चालते. बीसीए, बीएस्सी आयटीवाल्यांनी उगाच न्यूनगंड बाळगू नये, या कामात ते भरपूर आहेत. पदवीनंतर पुण्यात १९८८पासून असलेल्या सी-डॅकचे सहा महिन्यांचे पदविका अभ्यासक्रम आहेत. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सगळे त्यातल्या डॅक या अभ्यासक्रमाच्या मागे धावतात. सर्व्हर-नेटवर्कची आवड असेल तर आयटी इन्फ्रास्ट्रक्चर आणि सुरक्षेचा डिटिस हा अभ्यासक्रम जरूर बघा.

प्रमाणपत्रांबाबत माझं मत थोडं कडक आहे. अमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षा ६५ प्रश्नांची, ९० मिनिटांची, फी १०० डॉलर. पर्याय निवडायचे असतात. ओळख म्हणून ठीक, पण त्यावर नोकरी मिळेल या भ्रमात राहू नये. रेड हॅटच्या आरएचसीएसएमध्ये समोर चालती यंत्रं ठेवतात आणि काम करून दाखवायला सांगतात. केलेली मांडणी यंत्र रीस्टार्ट झाल्यावरही टिकली पाहिजे, नाहीतर गुण नाहीत. असं प्रमाणपत्र बघून मुलाखत घेणारा जरा सरळ बसतो.

पालकांसाठी एक सावधगिरीची सूचना. मुलं सरावाला क्लाउडचं फुकट खातं उघडतात, त्याला तुमचं क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं. यंत्र बंद करायचं राहिलं की मीटर पळत राहतो. खातं उघडल्याच्या पहिल्या दिवशी ठरावीक रकमेला इशारा देणारी सूचना लावून घ्या. त्यानंतरच बाकीचं.

कटओव्हर शनिवारी रात्री होतात, हे वर लिहिलंच. सुरुवातीच्या नोकऱ्या सपोर्टच्या आणि पाळीच्या असतात, त्यात रात्रपाळीही आली. मुलीच्या वडिलांनी हे ऐकून मान खाली घातली. मी त्यांना समजावत बसलो नाही. नोकरी घेताना घरी पोचवायची गाडी, घरून काम, पाळी किती महिने, हे तिने स्वतः विचारायचं, एवढंच ठरलं. तिने मात्र तेवढ्यात विचारलं, हे काम एआय करणार नाही का? काही करेल. आज्ञावली लिहायला ते आत्ताच वापरतात, आणि तिनेही वापरावं. पण मध्यरात्री दोन वाजता नवं यंत्र सुरू होईना, जुनं बंद केलेलं, सोमवारी सकाळी नऊला बँकेची शाखा उघडायची. पुढे जायचं की मागे फिरायचं हे सांगून त्याखाली सही करणारा माणूस लागतो. तसा माणूस होण्याचा रस्ता याच लॉग वाचण्यातून जातो.

गेल्या आठवड्यात वडिलांचा फोन आला. तिला आता दोन यंत्रं एकमेकांशी जोडून डिस्कची प्रत काढून बघायची आहे. ते रात्रभर चालतं म्हणे. "सर, कोर्सचं राहू दे तूर्त. पण लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला तर बिल किती येईल?"

साठ वॅट धरा, आठ तास. अर्ध्या युनिटच्याही आतच, मी म्हटलं. झाकण मात्र मिटू नका, स्लीपमध्ये जातो.