खुलें सॉफ्टवेअर व व्यापारउदीम

कोणतीहि वस्तु एकानें दुसऱ्यास दिली म्हणजे देणाराजवळची ती कमी होते, हा व्यवहारांतील साधा नियम आहे. शेतकऱ्यानें पायलीभर धान्य दिलें कीं त्याच्या कणगींत तितकें धान्य उणें झालें. परंतु विद्येस हा नियम लागू पडत नाहीं. शिक्षकानें शंभर विद्यार्थ्यांस त्रैराशिक शिकविलें तरी त्याच्याजवळचें त्रैराशिक तिळमात्र घटत नाहीं. संगणकाचें सॉफ्टवेअर हें या दुसऱ्या जातीचें धन आहे. एकदां तें तयार झालें म्हणजे त्याची दुसरी प्रत करण्यास जवळजवळ कांहींच खर्च लागत नाहीं. हें धन कुलुपांत ठेवावें कीं सर्वांपुढें मांडावें, आणि तें सर्वांपुढें मांडल्यास व्यापाराची हानि होते कीं भरभराट, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. संगणकानें काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञांच्या समुच्चयास सॉफ्टवेअर म्हणतात. मनुष्य या आज्ञा ज्या रूपांत लिहितो व वाचूं शकतो, त्या रूपास सोर्स कोड, म्हणजे मूळ लेख, असें नांव आहे. त्यावरून यंत्रास कळणारें केवळ आंकड्यांचें दुसरें रूप तयार होतें. पाकशास्त्राचा दृष्टांत घ्यावयाचा तर मूळ लेख ही कृति होय, आणि यंत्राचें रूप हें तयार पक्वान्न होय. ज्या कंपन्या आपलें सॉफ्टवेअर बंद ठेवितात त्या पक्वान्न विकतात व कृति तिजोरींत ठेवितात. खुल्या सॉफ्टवेअरचा कर्ता कृतीसुद्धां देतो. शिवाय तो परवान्यांत लिहून देतो कीं, घेणारानें तें कोणत्याहि कामास वापरावें, त्याचा अभ्यास करावा, त्यांत फेरफार करावा, आणि मूळ किंवा सुधारलेलें रूप इतरांस द्यावें अथवा विकावें. यांतील विकण्याची मुभा पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. खुलें म्हणजे फुकट असा समज रूढ आहे. वस्तुतः खुलेपणाचें मर्म मोकळिकींत आहे, आणि किंमत ही मागाहून येणारी गोष्ट आहे.

या चळवळीचा उगम एका क्षुल्लक अडचणींत झाला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन हे काम करीत असत. तेथील छपाईयंत्रांत वारंवार कागद अडके. जुन्या यंत्राच्या सॉफ्टवेअरचा मूळ लेख हाताशीं असल्यामुळें, कागद अडकतांच छपाईची वाट पाहणारांस सूचना जावी अशी सोय त्यांनीं केली होती. पुढें नवें यंत्र आलें. त्याबरोबर मूळ लेख आला नाहीं, आणि तो मागितला असतां गुप्ततेच्या कराराचें कारण पुढें करून नकार मिळाला. स्वतःच्या कामाचें यंत्र स्वतः दुरुस्त करण्याची बंदी असावी, हें स्टॉलमन यांस अन्यायाचें वाटलें. १९८३ सालीं त्यांनीं ग्नू नांवाचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ सालीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापिली, आणि १९८९ सालीं जी.पी.एल. हा परवाना प्रसिद्ध केला. त्याचें सार असें कीं, जी मोकळीक तुम्हांस मिळाली तीच, सुधारलेलें रूप पुढें देतांना, तुम्हीहि इतरांस द्यावी.

२५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेल्सिंकी विद्यापीठांतील लिनस टॉर्वाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण हौसेखातर एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम करीत असल्याचें जाहीर केलें. तीच पुढें लिनक्स या नांवानें प्रसिद्ध झाली, व १९९२ सालीं ती जी.पी.एल. परवान्याखालीं आली. देशोदेशींच्या हजारों लोकांनीं तींत भर घातली. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील अत्यंत शक्तिमान् अशा ५०० महासंगणकांच्या यादींतील सर्व यंत्रें लिनक्सवर चालत आलीं आहेत. ‘ओपन सोर्स’ हें नांव १९९८ सालीं क्रिस्टीन पीटरसन यांनीं सुचविलें, तें व्यापारी वर्गास ही कल्पना सुगम व्हावी म्हणून.

आतां व्यापाराकडे वळूं. व्यापाऱ्यास अशा सॉफ्टवेअरपासून तीन लाभ होतात. पहिला लाभ भांडवलाचा. नवा धंदा काढणारास संगणकाची व्यवस्था, माहितीचा सांठा व ग्राहकांशीं व्यवहाराचीं साधनें हीं सर्व आरंभापासून घडवावयाचीं झालीं, तर मालाचा पहिला नग विकण्यापूर्वींच त्याचें भांडवल सरेल. हा पाया त्यास आयता मिळतो, आणि त्याचा पैसा व बुद्धि स्वतःच्या विशेष कामास मोकळी राहते. दुसरा लाभ स्वातंत्र्याचा. बंद सॉफ्टवेअर घेणारा व्यापारी विक्रेत्याच्या मुठींत सांपडतो. विक्रेत्यानें दर वाढविले, किंवा दुकानच बंद केलें, तर त्याची गत खुंटते. मूळ लेख खुला असल्यास तेंच काम दुसऱ्या कारागिराकडून करून घेतां येतें. तिसरा लाभ परीक्षणाचा. जें सर्वांस पाहतां येतें त्यांतील दोष शोधण्याची व सुधारण्याची संधि सर्वांस मिळते.

परंतु जो फुकट देतो त्याचें पोट कसें भरतें, ही शंका साहजिक आहे. तिचें उत्तर असें कीं, वस्तु मोफत असली तरी सेवा मोफत नसते. रेड हॅट ही कंपनी १९९३ सालीं निघाली. लिनक्सची देखभाल, चांचणी व अडचणीच्या वेळीं मदत यांबद्दल ती वार्षिक वर्गणी घेई. १९ व्या शतकांतील औषधी व्यापाऱ्यांप्रमाणें गुप्त कृति जपण्याची तिला गरज पडली नाहीं, आणि तरीहि २०१९ सालीं आय.बी.एम. कंपनीनें तिच्यासाठीं ३,४०० कोटि डॉलर मोजले. आपल्याकडील उदाहरण मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचें आहे. जमाखर्च, मालाचा सांठा, पगार इत्यादि कामांसाठीं तिनें केलेलें ई.आर.पी.नेक्स्ट हें सॉफ्टवेअर खुलें आहे. तें कोणीहि स्वतःच्या संगणकावर बसवावें. ज्यास ती यातायात नको त्यानें कंपनीस मोल देऊन तिच्याकडून सेवा घ्यावी.

राष्ट्राच्या संपत्तींत यामुळें किती भर पडते याचा अंदाज करणें कठीण आहे; कारण ज्या वस्तूची पावती फाटत नाहीं ती जमाखर्चाच्या वहींत सहसा दिसत नाहीं. तथापि विद्वानांनीं प्रयत्न केले आहेत. हॉफमन, नॅगल व झोउ या तिघांनीं २०२४ सालीं हिशेब मांडला तो असा: जगांत प्रचलित असलेलें खुलें सॉफ्टवेअर एकदांच नव्यानें लिहावयाचें तर सुमारें ४१५ कोटि डॉलर लागतील; पण तें नाहींसें होऊन प्रत्येक कंपनीस आपापलें लिहावें लागलें, तर हाच खर्च ८ लक्ष ८० हजार कोटि डॉलरांवर जाईल. युरोपियन कमिशनच्या २०२१ सालच्या अहवालाप्रमाणें युरोपीय संघांतील कंपन्यांनीं २०१८ सालीं या कामीं सुमारें १०० कोटि युरो घातले, आणि त्यापासून तेथील अर्थव्यवस्थेस ६,५०० ते ९,५०० कोटि युरोंचा लाभ झाला. भारत सरकारनेंहि २०१५ सालीं आपल्या कचेऱ्यांत खुल्या सॉफ्टवेअरास प्राधान्य देण्याचें धोरण जाहीर केलें.

येथवर लाभाची बाजू झाली. दुसरी बाजू न सांगणें हें सत्यास सोडून होईल. फुकट मिळालेलें सॉफ्टवेअर चालविण्यास जाणती माणसें लागतात, व त्यांस शिकविण्यास खर्च येतो. याहून मोठा धोका निराळाच आहे. गांवच्या विहिरीचें पाणी सर्व भरतात. पण गाळ उपसण्याची वेळ आली म्हणजे जो तो शेजाऱ्याकडे पाहतो. ओपन एस.एस.एल. या सॉफ्टवेअरची अशीच स्थिति झाली. आंतरजालावरील व्यवहार गुप्त राखण्याचें काम तें करतें, आणि असंख्य पेढ्या व दुकानें त्यावर विसंबून होतीं. मार्च २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आवृत्तींत एक दोष शिरला होता. तो एप्रिल २०१४ मध्यें उघडकीस आला. हार्टब्लीड या नांवानें तो कुप्रसिद्ध आहे. तेव्हां चौकशीअंतीं जगास कळलें कीं, या सॉफ्टवेअरचा पूर्ण वेळ सांभाळ करणारा मनुष्य एकच होता, आणि देणगीदाखल वर्षास सुमारें २,००० डॉलर मिळत. मूळ लेख खुला होता, पण तो बारकाईनें वाचणारा कोणी नव्हता. वर सांगितलेल्या हिशेबांतहि असें आढळलें आहे कीं, एकंदर मूल्यापैकीं ९६ टक्के मूल्य केवळ ५ टक्के लेखकांच्या श्रमांतून निघालें. थोड्यांच्या खांद्यावर बहुतांचा भार आहे.

यावरून निष्पन्न होणारा सिद्धांत स्पष्ट आहे. खुलें सॉफ्टवेअर हें धर्मादाय अन्नछत्र नसून सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि सार्वजनिक मालमत्तेचा उपभोग घेणारावर तिच्या जपणुकीचें ऋण असतें. २०१४ च्या प्रसंगानंतर मोठमोठ्या कंपन्यांनीं लिनक्स फाउंडेशनच्या द्वारें अशा प्रकल्पांस पैसा पुरविण्यास आरंभ केला. बंगळूरच्या झेरोधा या कंपनीनें २०२४ सालीं याच हेतूनें वर्षास १० लक्ष डॉलरपर्यंतचा निधि जाहीर केला. ही उदारता खरी, पण ती शहाणपणाचीहि आहे. कारण विहीर आटली तर तहान सर्वांसच लागते.

विद्यार्थिमित्रहो, हें ऋण फेडण्यास धनच लागतें असें नाहीं. आढळलेला दोष नीट लिहून कळविणें, वापराची माहिती सोप्या भाषेंत लिहिणें, भाषांतर करणें हींहि कामें मोलाचीं आहेत. लिबरऑफिस व फायरफॉक्स यांचीं मराठी रूपें अशाच श्रमांतून झालीं. त्यासाठीं कोणा मालकाची परवानगी मागावी लागली नाहीं. धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराची कथा आपणांस ठाऊक आहे. त्यानें तें गमावलें नव्हतें. तरी त्यास दोष लागला, कारण त्यानें तें वाढविलें नाहीं. आपणांस जें ज्ञान विनामूल्य मिळालें आहे त्यांत अल्पशी तरी भर घालून तें पुढें द्यावें, यांतच त्या ज्ञानाची वृद्धि आहे, आणि देशाच्या व्यापाराचें हितहि आहे.