मॉर्फिन मागायला जाल तेव्हा

"अहो, सवय लागेल त्यांना!" आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या मोठ्या खाजगी हॉस्पिटलचे व्यवस्थापक मला हे ऐकवत होते, तेव्हा आईचा कॅन्सर हाडांत उतरला होता. दिवाळी दिसेल की नाही असं जिच्याबद्दल डॉक्टर बोलत होते, तिला म्हणे सवय लागणार.

मुंबईत परळच्या कॅन्सर हॉस्पिटलातून आणलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या संपत आल्या होत्या. मेडिकलवाले चिठ्ठी उलगडायचे आणि मी गांजाच मागितल्यासारखी परत सरकवायचे. व्यवस्थापकांचं पालुपद ठरलेलं: कायदा कडक आहे, ढीगभर परवाने लागतात, पोलीस मागे लागतात.

वकील मावसभावाने अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदाच समोर ठेवला. कायदा 1985 चा, पण 2014 साली त्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि 2015 च्या नियमांनी परवान्यांची माळ संपवली. राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता, वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, कुलपातला साठा आणि नोंदी, एवढं केलं की हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवता येतं.

ती पानं घेऊन गेलो. साहेबांनी न वाचताच बाजूला ठेवली. "आमच्याकडे मागणीच नाही हो," म्हणाले. मागणी! कॅन्सरचे पेशंट त्यांच्याच वॉर्डात कण्हत होते. वर म्हणतात, "फेंटानिलचा पॅच मागवून देऊ, 72 तास चालतो." किंमत ऐकून मी गप्प झालो, आणि मग एकदम लख्ख कळलं. फेंटानिलही त्याच यादीतलं, त्याच कायद्याखालचं. महागड्या पॅचला पोलीस आडवे येत नव्हते. यायचे ते फक्त स्वस्त गोळीला.

आणि मॉर्फिन ज्यातून निघतं ती अफू काय परदेशातून आणायचीय? आपल्याच मंदसौर-नीमचच्या शेतांत ती सरकारी परवान्याने पिकते. केरळात डॉ. राजगोपाल यांच्यासारख्यांनी किती वर्षं झगडून ही औषधं लोकांच्या दारापर्यंत नेली. आमच्याकडे मात्र "मागणी नाही".

तेव्हा ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी. मोठ्या हॉस्पिटलातून घरी पाठवतात त्याच दिवशी, निघण्याआधी विचारा: आमच्या गावाजवळ मॉर्फिन कुठे मिळेल? नाव-पत्ता कागदावर घ्या. "तिकडे मिळून जाईल" यावर गाडीत बसू नका. आमचं काम शेवटी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात झालं, आणि तो पत्ता परळलाच मिळू शकला असता. मान्यता असलेल्या संस्थांची यादी अन्न व औषध प्रशासनाकडे मागा, टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात. नकार तोंडी ऐकून घेऊ नका, लिहून मागा; लिहायचं म्हटलं की भाषा बदलते. मूळ चिठ्ठी कोणाच्या हाती सोडू नका.

गोळी सुरू होते त्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आईने ते भोगलं. हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर फोडून, कुटून देऊ नका. मनाने डोस वाढवू नका, एकदम बंदही करू नका. धीर धरा, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, वगैरे सगळे सांगतातच.

"इतकं कडक औषध कशाला देता?" असं विचारणारे नातेवाईक भेटतील. त्यांना एक रात्र पेशंटजवळ बसवा.

उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका. जिथून घेतल्या तिथे मोजून परत करा आणि पावती घ्या. मी घेतली आहे; उद्या कोणी हिशेब विचारला तर दाखवायला.