बुएनोस आइरेसला चाललीस ना, मग बस इथे जरा

काल फोनवर तू यादी वाचायला लागलीस आणि मला धाप लागली गं. ३५ दिवस, ४२ ठिकाणं! आधी तो कागद मिटून ठेव. खरं सांगू का, मीसुद्धा अशीच यादी घेऊन गेले होते, अगदी रंगीत पेनाने रेघा मारून. पहिल्या आठवड्यात आम्ही इतके पळालो, की आठव्या दिवशी ह्यांनी बूट घालायलाच नकार दिला. मग मी रुसले, ते झोपले आणि ती सकाळ फुकट गेली. तिथे बघायला काय आहे हे तुला कोणीही सांगेल. दोघांनी इतके दिवस एका छोट्या घरात गोडीने कसं राहायचं, ते मी सांगते.

घर निवडताना फोटोतला सोफा बघू नकोस. पालेर्मो असो, रेकोलेता असो की सान तेल्मो, घर रस्त्याकडे तोंड करून आहे की मागच्या बाजूला, ते विचार. मागच्या बाजूच्या घराला तिथे ‘कोंत्राफ्रेन्ते’ म्हणतात, तो शब्द पाठच कर. त्या शहराची रात्र आपण झोपतो तेव्हा सुरू होते बघ. कपडे धुवायचं मशीन आणि लिफ्ट आहे ना, तेही बघून घे. प्लगच्या पिना तिरक्या असतात, तेवढा अडॅप्टर ने. वीज आपल्यासारखीच २२० व्होल्टची आहे, त्यामुळे छोटा इलेक्ट्रिक कुकर नेलास तरी चालेल. नळाचं पाणी बिनधास्त पी.

आता जेवणाचं. तुझ्या नवऱ्याला मांसाहार चालत नाही, म्हणून तू घाबरली आहेस ना? आमचेही हे शाकाहारी. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, हे मी विमानात घोकून ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी मोठ्या ऐटीत म्हटलं आणि समोर आलं हॅम घातलेलं सँडविच! तिथे नुसतं ‘कार्ने’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गाईचं मांस येतं. हॅम आणि कोंबडी त्यांच्या हिशेबात वेगळी. म्हणून ‘नि पोयो, नि हामोन’ हेही जोडायचं, आणि हसत हसत दोनदा म्हणायचं.

पण उपाशी राहणार नाही गं तो. पिझ्झाच्या दुकानात ‘फाइना’ मिळतो, हरभऱ्याच्या पिठाचा भाजलेला जाड पोळा. लोक तो पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवून खातात. ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “अगं, हे तर आपलं धिरडं!” त्यानंतर आमचं निम्मं टेन्शन गेलं. गल्लोगल्ली ‘दिएतेतिका’ नावाची दुकानं असतात, त्यांत बेसन, मसूर, हळद, जिरं सगळं मिळतं. तेव्हा बॅगेत किराणा कोंबू नकोस. विमानतळावर खाण्याच्या वस्तू उघडून बघतात, उगाच डोक्याला ताप. तिखट मात्र आपलं ने. मी तिथे लालभडक ‘पिमेन्तोन दुल्से’ची पुडी आणली आणि रश्श्यात हात सैल सोडून तीन चमचे घातले. दुल्से म्हणजे गोड, हे मला रस्सा चाखल्यावर कळलं. तिखटाचा पत्ताच नाही, नुसता रंग!

आणि संध्याकाळी सातला हॉटेलात जाऊ नकोस. आम्ही गेलो तेव्हा खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या आणि पोरगा फरशी पुसत होता. तिथे जेवण नऊ-दहाला. त्याआधी पाच-सहाला कॉफी आणि ‘मेदियालुना’, म्हणजे छोटे गोडसर क्रोसाँ. ती वेळ धरलीस की दिवस आपोआप बसतो.

पैशाचं सांगते. डॉलरच्या नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या ने; चुरगळलेल्या नोटेकडे नाक मुरडतात. फ्लोरिदा रस्त्यावर ‘कांबियो, कांबियो’ ओरडणाऱ्यांच्या मागे जाऊ नकोस. कोणी “तुमच्या पाठीवर काहीतरी पडलंय” म्हणत पुसायला आलं, तर थांबायचं नाही, सरळ दुकानात शिरायचं. फोन रस्त्याच्या कडेला हातात धरून नकाशा बघायचा नाही. बस, एवढंच. याहून जास्त घाबरायचं कारण नाही. हां, पायात जाड तळव्याचे बूट घाल. फुटपाथच्या फरश्या सुटलेल्या असतात, पावसानंतर पाय पडला की खालचं पाणी थेट सलवारीवर.

तू नोव्हेंबरात जाते आहेस, भाग्यवान आहेस. नीलमोहर फुललेला असेल, रस्तेच्या रस्ते जांभळे. पुण्यात आपण ज्याच्याखाली गाडी लावतो ना, ते झाड मूळचं तिकडचंच.

बघण्यातलं थोडंच सांगते. रविवारी सान तेल्मोचा जुन्या वस्तूंचा बाजार, पण सकाळी लवकर. कोलोन थिएटर १९०८ चं आहे, आतून बघच. १९१९ च्या एका नाट्यगृहाचं पुस्तकांचं दुकान केलंय, तिथे रंगमंचावर बसून कॉफी पिता येते. रेकोलेताच्या स्मशानभूमीत राष्ट्राध्यक्षांच्या बायकोची, एविता पेरोनची, कबर शोधताना ‘दुआर्ते’ हे नाव बघ, माहेरचं. १९५२ साली ती गेली आणि त्या जागी पोचायला तिच्या देहाला १९७६ साल उजाडलं.

आणि गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लासा दे मायोला जा. लष्करी राजवटीत नाहीशी झालेली आपली मुलं कुठे आहेत, हे विचारत तिथे १९७७ पासून आया फेऱ्या मारत आल्या आहेत, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. सुरुवातीला तो रुमाल म्हणजे बाळाचं लंगोटच होतं. फोटोची घाई करू नकोस. बाजूला उभी राहा फक्त. मला त्या दिवशी दुसरं काही बघवलं नाही.

एक दिवस रेतिरोहून लोकल पकडून सान इसिद्रोला जा. १९२४ साली टागोर पेरूला निघाले होते, वाटेत आजारी पडले आणि तिथली लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोने त्यांना तिथे नदीकाठच्या घरात जवळजवळ दोन महिने ठेवून घेतलं. जाताना त्यांना आवडलेली आरामखुर्ची बोटीवर चढवायला केबिनचं दार काढावं लागलं म्हणे! बघ, आजारपणातला मुक्कामसुद्धा असा सार्थकी लागतो. तेव्हा एखादा दिवस घरात लोळण्यात गेला, तर हळहळू नकोस.

आता मुद्द्याचं. आठवड्यातून एक दुपार दोघांनी वेगवेगळं जायचं. हो, मी सांगते म्हणून. इथे तो ऑफिसात असतो, तू तुझ्या कामात. तिथे चोवीस तास समोरासमोर. मग टॉवेल कुठे वाळत घातला, यावरूनही भांडण होतं. आम्ही मंगळवार ठरवला होता. मी बाजार फिरायचे, हे बागेत म्हाताऱ्यांचं बुद्धिबळ बघत बसायचे. संध्याकाळी दोघांकडे सांगायला काहीतरी असायचं.

टँगो बघायला मात्र बरोबर जा, आणि त्याला सांगून ठेव की मान हलवायची नाही. तिथे नाचाचं आमंत्रण तोंडाने देत नाहीत; नजर भिडवून मान डोलावली की झालं. आमच्या ह्यांनी सवयीने एका बाईंना नम्रपणे मान लववली, आणि त्या उठून उभ्याच राहिल्या! ह्यांना वरातीतला नाचसुद्धा येत नाही. मी मदत केली नाही. हसत होते.

पिवळ्या तापाच्या लशीचं आजच विचार. परतताना आपल्याच विमानतळावर प्रमाणपत्र मागतात, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. आणि पोचलीस की फोन कर. तुझ्याकडे रात्रीचे साडेदहा म्हणजे माझ्याकडे सकाळचे सात. त्याआधी नको गं, गॅसवर दूध असतं.