नाकातील प्रथिने : विषाणूंची पहिली वर्दी

श्वासावाटे येणाऱ्या रोगजंतूंशी शरीराची पहिली गाठ बहुधा नाकातच पडते. नाकातून पाझरणारा स्राव सर्वसामान्यांच्या लेखी टाकाऊ असला, तरी वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तो मोलाचा पुरावा होय. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जिवाणूंचा नाश करणारे लायसोझाइम हे प्रथिन सर्दीच्या स्रावातच आढळले. १९२२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले.

विषाणू शिरताच पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडते व शेजारच्या पेशींना सावध करते. लंडन येथे ॲलिक आयझॅक्स व झाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये इंटरफेरॉनचा शोध लावला. त्याच्या प्रेरणेने तयार होणारे सीएक्ससीएल-१० हे प्रथिन संरक्षक पेशींना संसर्गाच्या जागी बोलावून घेते. नाकातून घेतलेल्या स्वॅबमध्ये त्याचे प्रमाण मोजता येते.

दोन निराळे प्रश्न

कोविडच्या साथीत २०२० पासून गावोगावी स्वॅब घेतले गेले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या चाचणीचा प्रश्न एकच होता : कोविडचा विषाणू येथे आहे काय? ज्या विषाणूसाठी चाचणी केलेली नाही, तो अशा वेळी निसटतो. प्रथिनांच्या तपासणीचा प्रश्न निराळा आहे : शरीर कोणत्या तरी विषाणूशी झुंजत आहे काय?

अमेरिकेतील येल विद्यापीठात डॉ. एलेन फॉक्समन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, नेहमीच्या चाचण्यांत विषाणू न आढळलेले नमुने या दृष्टीने पुन्हा तपासले. सीएक्ससीएल-१० चे प्रमाण अधिक असलेले नमुने निवडून त्यांतील जनुकद्रव्य वाचले असता, मार्च २०२० मधील काही नमुन्यांत कोविडचाच विषाणू निघाला. चाचणीला जो दिसला नव्हता, त्याची वर्दी शरीराने दिली होती.

मर्यादा आणि उपयोग

या प्रथिनावरून विषाणूचे नाव मात्र कळत नाही. प्रत्येक नमुन्यातील जनुकद्रव्य वाचणे खर्चाचे असते. त्यातील कोणता नमुना बारकाईने पाहावा, एवढे प्रथिन सुचविते. नव्या साथीचा माग लवकर लागण्यास ही निवड उपकारक ठरू शकते.

तथापि प्रयोगशाळेतील साधन कितीही सूक्ष्म असले, तरी नमुना तेथवर पोहोचला पाहिजे. शाळेत किंवा वस्तीत एकाच वेळी अनेकांना ताप-खोकला आल्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रास विनाविलंब कळवावे. साथीच्या शोधाचा आरंभ तेथूनच होतो.