हलका गळपट्टा

मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस समुद्र व उत्तरेस वसईची खाडी असल्यामुळे मीरा रोड येथे कडाक्याची थंडी सहसा पडत नाही. तथापि उत्तरेचे वारे वाहू लागले म्हणजे पहाट गार होते. २२ जानेवारी १९६२ रोजी तर मुंबईत सांताक्रूझ येथे पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता! पहाटेची गाडी गाठणाऱ्यास जाड लोकरीचा गळपट्टा दुपारी ओझे होतो. त्यास सुती धाग्याचा, क्रोशाने विणलेला जाळीदार गळपट्टाच बरा.

क्रोशाची सुई एकच, व तिच्या टोकास आकडी असते. दोन सुयांच्या विणकामात ओळीतील सारे टाके सुईवर असतात. येथे टाका पुरा झाला की एकच फास उरतो. म्हणून सुई निसटली तरी फारसे बिघडत नाही. धाग्याच्या मानाने सुई जाड घ्यावी; वीण सैल व हलकी होते.

आता माप. प्रथम एक चौकोनी नमुना विणून १० सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते मोजावे. काम कंटाळवाणे खरे. पण ते टाळणाऱ्याची फजिती ठरलेली! २० टाके बसले, तर लांबीकडून विणताना १५० सेंटिमीटरांस ३०० टाके लागतात. हात सैल असून १८च बसत असतील, तर तेवढ्याच टाक्यांचा गळपट्टा सुमारे १६७ सेंटिमीटर होईल. धाकट्या भावास १०० सेंटिमीटर पुरतात. आजोबांना रुंद हवा असल्यास टाके तेच ठेवून ओळी वाढवाव्यात. माप चुकलेच, तर शेवटचा फास मोकळा करून धागा ओढावा. सारी वीण उसवते व धागा पुन्हा कामास येतो.