हाक येण्यापूर्वी

खळ्यावर रचलेली कडब्याची गंजी पेटली म्हणजे खेड्यात काय होते, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल, काहींनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. आरोळी उठताच सारा गाव धावतो. कोणी घागर उचलतो, कोणी बादली. विहिरीच्या काठी एकच झुंबड उडते. माणसे पन्नास आणि पोहरा एक! कोणी म्हणतो, “पाणी टाका”, कोणी म्हणतो, “आधी शेजारची गंजी हलवा.” मदतीची इच्छा प्रत्येकाच्या मनात असते, आग मात्र भडकतच जाते. इतक्यात एखादा जाणता माणूस पुढे होतो. तो दोघांना पाणी शेंदायला लावतो, विहिरीपासून गंजीपर्यंत माणसांची रांग उभी करतो, चौघांना शेजारचा कडबा दूर नेण्यास सांगतो आणि गुरे सोडण्यासाठी दोघांना गोठ्याकडे पिटाळतो. माणसे तीच, भांडी तीच, विहीरही तीच. पण आता भरलेली बादली हातोहात आगीपर्यंत पोहोचू लागते.

हा फरक कशाने पडला बरे? धैर्य तर लोकांजवळ आधीही होते. उणीव होती ती व्यवस्थेची.

गंजीची आग एका जाणत्या माणसाच्या आवाक्यातली असते. परंतु संकट जेव्हा शेकडो चौरस मैल मुलूख व्यापते आणि अनेक खात्यांची हजारो माणसे मदतीला धावतात, तेव्हा ही रांग कोणी लावायची? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यापुढे १९७० साली हाच प्रश्न उभा राहिला.

त्या राज्याच्या दक्षिण भागात पाऊस बहुधा हिवाळ्यात पडतो. त्यामुळे उन्हाळा संपता संपता डोंगरांवरील झुडपे वाळून कोळ झालेली असतात. त्याच सुमारास वाळवंटाकडून समुद्राकडे कोरडे, सोसाट्याचे वारे वाहू लागतात. त्यांना तेथे ‘सांता आना’ म्हणतात. १९७० च्या सप्टेंबरअखेर अशाच वाऱ्यांत ठिकठिकाणी वणवे पेटले. तेरा दिवस ते धुमसत होते. सोळा माणसे प्राणास मुकली, सातशेहून अधिक घरे भस्मसात झाली आणि पाच लाख एकरांवर रान जळून गेले.

पुढे जाणत्या अधिकाऱ्यांनी या संकटाचा बारकाईने अभ्यास केला. आग विझवणारे जवान शूर होते. बंब आणि यंत्रेही पुष्कळ होती. मग चुकले कोठे? राष्ट्रीय वनांचे खाते निराळे, राज्याचे निराळे, परगण्यांची आणि शहरांची दले आणखी निराळी. प्रत्येकाचा प्रमुख वेगळा. वणवा काही सरहद्दीचे दगड पाहून थांबत नाही! एकाच डोंगरावर चार दले जमली, तर हुकूम कोणाचा मानायचा, हे ठरलेले नव्हते. एका दलाची बिनतारी यंत्रे दुसऱ्या दलाशी बोलू शकत नव्हती. शब्दांचाही घोटाळा होता. ‘टँकर’ म्हणजे एकाच्या लेखी पाण्याची मोटार, तर दुसऱ्याच्या लेखी पाणी फवारणारे विमान! शिवाय एकेका अधिकाऱ्याच्या हाताखाली इतकी माणसे येत, की कोण कोठे आहे, याचा त्याला पत्ता लागत नसे.

मग राष्ट्रीय वनखाते, राज्याची खाती आणि परगण्यांची व शहराची अग्निशामक दले एकत्र बसली. त्यांच्या या योजनेला ‘फायरस्कोप’ असे नाव मिळाले. अनेक वर्षांच्या परिश्रमांतून तिने एक कार्यपद्धती सिद्ध केली. तिचे नियम पाहिले, तर ते अगदी साधे आहेत.

पहिला नियम असा, की प्रत्येकाने एकाच वरिष्ठाची आज्ञा घ्यावी. दुसरा असा, की गूढ संकेत न वापरता सर्वांनी सारख्या व सोप्या शब्दांत बोलावे. तिसरा नियम असा, की एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात, शक्यतो पाचच, माणसे असावीत. चौथा नियम असा, की ठरावीक तासांसाठी एकच लेखी योजना असावी आणि पाळी बदलताना ती सर्वांना समजावून सांगावी.

कामाचीही पाच भागांत वाटणी केली. पहिले नेतृत्व. दुसरे प्रत्यक्ष कार्यवाही, म्हणजे आग विझवणे, माणसे सोडवणे. तिसरे नियोजन, वारा कोणत्या दिशेने फिरेल, उद्या काय करावे, याचा विचार ते करते. चौथे रसद, ही जणू लग्नघरातील कोठीच. अन्न, पाणी, इंधन, औषधे, झोपण्याची जागा सारे तिने पुरवायचे. पाचवा हिशेब. नायकाच्या मदतीला आणखी तिघे असतात. एक लोकांना खरी बातमी सांगतो, म्हणजे अफवा पसरत नाहीत. दुसरा इतर संस्थांशी संपर्क ठेवतो. तिसरा जवानांच्या जिवाची काळजी वाहतो. धोका दिसताच काम तत्काळ थांबवण्याचा अधिकार त्याला असतो.

परंतु नियम कागदावर राहून आग विझत नाही. म्हणून त्या देशात प्रदेशाप्रदेशांतून पथके उभारली गेली. पथकातील माणसे एरवी आपापल्या खात्यांत नोकरी करतात. पण शिक्षण आणि सराव मात्र एकत्र घेतात. मोठे संकट आले, की पथकाला हाक जाते. स्थानिक अधिकारी त्याला लेखी अधिकार देतो आणि काम संपताच तो परत घेतो. एरवी मोठ्या हुद्द्यावर असलेला गृहस्थ येथे कधी कधी लहान हुद्द्याच्या माणसाच्या हाताखाली राबतो. ज्याला जे काम येते, ते त्याने करावे; मानापेक्षा काम मोठे, ही येथील रीत आहे.

आपल्या देशालाही असेच कठोर धडे मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्रभरातून लोक मदतीला धावले. तथापि बघ्यांचीही एवढी गर्दी लोटली, की रस्ते अडले आणि ढिगाऱ्याखाली जीव असताना मदतीच्या गाड्या खोळंबल्या. पुढे २००४ च्या अखेरीस त्सुनामी आली. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या पद्धतीला आपल्या देशाच्या राज्यकारभाराशी जुळवून घेऊन २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यात आली. त्यांनुसार राज्य, जिल्हा, उपविभाग आणि तालुका अशा प्रत्येक पातळीवर पथके नेमायची असतात. जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले पूर्वज सांगत आले. संकटात धावून जाणे हा मनाचा थोरपणा खरा. पण कोणी कोठे धावायचे, हे शांततेच्या दिवसांतच ठरवावे लागते. मुलांनो, शाळेत संकटाची तालीम होते, तेव्हा हसून वेळ घालवू नका. आपली जागा ओळखा, आपल्या नायकाचे ऐका. आणि जेथे आपले काम नाही, तेथे गर्दी न करणे हीसुद्धा मदतच आहे, हे विसरू नका.

स्वाध्याय

१. जाणता माणूस पुढे झाल्यावर गंजी विझवण्याच्या कामात कोणता फरक पडला?
२. कॅलिफोर्नियातील दलांना एकमेकांबरोबर काम करताना कोणत्या अडचणी आल्या?
३. ‘मानापेक्षा काम मोठे’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : झुंबड उडणे, प्राणास मुकणे, भस्मसात होणे.
५. तुमच्या गावात पूर आला आहे, अशी कल्पना करा. पाठात सांगितलेली पाच कामे तुम्ही कोणाकोणाकडे सोपवाल आणि का, ते दहा ओळींत लिहा.